दहावी ते पदवीप्रवेश : पालकांच्या वाट्याची कामं

अभ्यास मुलांनीच करायचा असतो. त्यात रोज डोकावून पालकांच्या हाती फारसं लागत नाही, झालीच तर घरात चिडचिड होते. पण नववी ते बारावी या चार वर्षांत पालकांनीच करायची म्हणून बरीच कामं असतात: कागद, तारखा, पैसे आणि पसंतीक्रमाचा अर्ज. ही चार कामं वेळेवर झाली नाहीत तर चांगले गुण असूनही हवी ती जागा हातची जाते. पुढची माहिती मुख्यतः राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे, बारावीनंतरचा भाग सीबीएसईवाल्यांनाही लागू पडतो. नियमांत दरवर्षी थोडे बदल होतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचायची. शेजारच्यांच्या मुलाच्या वेळी काय झालं होतं, यावर जाऊ नका.

नववीतच नाव तपासा

दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पुढे आयुष्यभर चालतं आणि ते येतं शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. म्हणून नववीत असतानाच शाळेत जाऊन त्या रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात, सगळं. गोंधळ होतो तो बारीक गोष्टींत. ‘सुनिल’ की ‘सुनील’, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ई की दोन, आडनाव आधी की शेवटी, जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं, किंवा दाखल्यावर ‘कुणबी’ आणि रजिस्टरात ‘मराठा’. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकारी आणि मंडळाच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते आणि महिनेच्या महिने जातात.

दहावीचा बोर्डाचा अर्ज भरला की मंडळाकडून शाळेकडे प्रिलिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणी यादी, येते. ती मुलाला नुसती सही करायला दाखवतात, घाईत कुणी वाचत नाही. त्या पानाचा फोटो मागा आणि आधारकार्डासमोर धरून अक्षर न् अक्षर जुळवा. आधारचंही एक काम याच वयातलं आहे. १५ वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, १५ ते १७ वयात ती मोफत होते. ती राहून गेली तर पुढे ओळख पडताळणीच्या वेळी ठसे जुळत नाहीत.

दाखले : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

खुल्या प्रवर्गातल्या मुलाला वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि फीसवलत हवी असेल तर उत्पन्नाचा दाखला, एवढं बहुधा पुरतं. आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. जूनमध्ये या केंद्रांवर रांगा लागतात, सर्व्हर बसतो, तहसीलमध्ये अर्जांचे ढीग साचतात. अधिवास प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे ते दहावीच्या सुट्टीत काढून ठेवायला काहीच हरकत नाही.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर खरं काम जात वैधता प्रमाणपत्राचं. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला तेवढा पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून, अनुसूचित जमातीसाठी वेगळ्या समितीकडून, वैधता लागते. अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला करायचा. तो ऑनलाइन भरून, कॉलेजचं पत्र जोडून, मूळ प्रती समितीला दाखवाव्या लागतात.

अडतं ते जुन्या पुराव्यांपाशी. समितीला मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीचा, पुरावा हवा असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे शोध घ्यायचा तो आजोबा-पणजोबांच्या कागदांचा: त्यांच्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जात लिहिलेले जुने महसुली कागद. यासाठी गावच्या शाळेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन-तीन खेपा होतातच. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर सुट्टीआधी किंवा नंतरचा एक कामाचा दिवस त्याला जोडून घ्या, कारण सुट्टीत शाळाही बंद असते.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी, आधीच वैधता मिळाली असेल तर काम बरंच हलकं होतं. त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत आणि शपथपत्र जोडा. मात्र शपथपत्रातली वंशावळ दोन्ही अर्जांत सारखी हवी. काकांच्या अर्जात पणजोबांचं नाव ‘रामा’ आणि तुमच्या अर्जात ‘रामचंद्र’ असेल तर त्रुटी निघते आणि फाइल बाजूला पडते. म्हणून अर्ज भरण्याआधी त्यांच्याकडून वंशावळीची प्रत मागून घ्या.

कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्राची चूक मात्र दरवर्षी ठरलेली. हे प्रमाणपत्र ३१ मार्चपर्यंत चालतं. जानेवारीत एका वर्षाचं काढलं तर प्रवेशाच्या आधीच संपतं. २०२७-२८ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२८ पर्यंत वैध असलेलं लागतं, त्यामुळे नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की एप्रिलमध्ये अर्ज टाका. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे देऊन तीन वर्षांसाठीही ते मिळतं, तसंच घेतलेलं बरं. अनुसूचित जाती-जमातींना याची गरज नाही.

केंद्राच्या संस्थांचा हिशेब वेगळा. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला इतर मागासवर्ग आणि ईडब्ल्यूएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची) प्रमाणपत्रं केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेली लागतात. शिवाय जात केंद्राच्या यादीत असायला हवी, राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नसते. या संस्थांची प्रवेश परीक्षा जेईई देणार असाल तर दोन्ही नमुने काढायचे, हे कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

अकरावी : शाखा, विषय आणि पहिली पसंती

शाखा ठरवताना मुलाच्या आवडीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून इथे फक्त दारं कुठे बंद होतात ते सांगतो. अकरावीत गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद होतं. जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीयचं. बी.फार्म.ला दोन्हींपैकी कुठलाही गट चालतो. मुलाचं ठरत नसेल तर अकरावीला दोन्ही विषय घ्यावेत, पण दोन्ही घेऊन सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे दोन्ही गट (गणिताचा आणि जीवशास्त्राचा) आणि वैद्यकीयची ‘नीट’ परीक्षा अशी तिहेरी तयारी बारावीपर्यंत ओढत नेऊ नये. त्या ओझ्याखाली बरी मुलंसुद्धा तिन्हीकडे मधोमध अडकतात. वाणिज्य शाखेच्या पालकांनी लक्षात घ्यायचं ते असं: २०२४ पासून राज्यातल्या बीबीए, बीसीए, बीएमएससारख्या अनेक अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली आहे. ‘कॉमर्सला कसली आलीय एन्ट्रन्स’ म्हणून गाफील राहिलेल्यांचा अर्ज भरायचा राहून जातो.

हातात पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन रमणाऱ्या मुलाला दहावीनंतर तीन वर्षांच्या पॉलिटेक्निकला घालणं हा पर्याय उगाचच दुय्यम समजला जातो. पदविका झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावीचं आणि सीईटीचं दडपण त्या वाटेवर नसतं.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात एक ते दहा पसंती देता येतात. यातली मेख पहिल्या पसंतीत आहे. ती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहाल त्या कॉलेजात आधी जाऊन या. घरापासून दारापर्यंत किती वेळ लागतो ते सकाळच्या गर्दीत मोजा. प्रयोगशाळा खरोखर वापरात आहे का ते बघा. एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या असू शकतात, त्यांचे कोड वेगळे आणि फीतही मोठा फरक. कोड चुकला तर दहापट फी भरायची वेळ येते.

नीट देणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट दहावीतच ठरवायची. राज्यातल्या वैद्यकीय कॉलेजांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, अपवाद मोजके. अकरावी-बारावी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादच्या कॉलेजात नोंदवली तर मूल क्लास कितीही चांगला करो, हा राज्य कोटा हातचा जातो. इंजिनिअरिंगमध्येही बारावी कुठून केली त्यावर गृह विद्यापीठ, म्हणजे जागावाटपात मुलाचं स्वतःचं धरलं जाणारं विद्यापीठ, ठरतं. पुण्याच्या मुलीने लातूरला बारावी केली तर तिचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं. ते वाईटच असं नाही, पण आधी माहीत असावं.

क्लासची फी

क्लास लावायचा की नाही हा घरचा निर्णय, पण पूर्ण दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि मूल मध्येच क्लास सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. तुम्ही पावती घेतली असेल तरच ते मागता येतं. ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली कॉलेजात न जाता फक्त क्लासला बसवण्याची पद्धत बरीच पसरली आहे. त्यात प्रात्यक्षिकं कच्ची राहतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, रसायन आणि जीवशास्त्रातही तसेच.

परीक्षांची रचना पालकांनाही माहीत हवी

एमएचटी-सीईटीच्या गणित गटात १५० प्रश्न, २०० गुण, १८० मिनिटं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. निम्मे गुण एकट्या गणिताचे! पहिल्या ९० मिनिटांत भौतिक-रसायन, नंतरच्या ९० मिनिटांत गणित, आणि पहिला भाग बंद झाल्यावर मागे जाता येत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. अकरावी ‘आरामाचं वर्ष’ मानणाऱ्यांना तो महागात पडतो. २०२६ पासून दोन संधी देण्याचा निर्णय झाला आहे, पण दुसरीच्या भरवशावर पहिली हलक्यात घेऊ देऊ नका.

जेईई मेन आणि नीटला मात्र बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. एकाच आठवड्यात सीईटी आणि नीट या दोन्हींचे सराव पेपर देणारी मुलं सवयी मिसळतात: सीईटीत प्रश्न सोडून येतात आणि नीटमध्ये ठोकताळे मारून येतात. सराव पेपरांचे आठवडे वेगळे ठेवा.

आणि बोर्ड. एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या पहिल्या २० टक्के विद्यार्थ्यांत स्थान, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, अशी अट आहे. राज्यातल्या इंजिनिअरिंगला ठरावीक तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीत पर्सेंटाइल ९५ आणि बोर्डात विषय राहिला, तर ९५ चा काही उपयोग नाही.

सराव पेपर झाल्यावर ‘किती पडले’ हा प्रश्न विचारू नका. मुलाला एका कागदावर तीन रकाने आखायला सांगा: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. सलग चार पेपरांचे रकाने समोर आले की काय करायचं ते त्यालाच दिसतं. मधला रकाना भरलेला असेल तर आणखी धडे वाचून काही होत नाही, त्याला सोडवलेल्या पायऱ्या नीट लिहायची सवय हवी.

घरात

कॉलेज आणि प्रवेश या विषयांना आठवड्यातला एक तास ठरवा, रविवारी सकाळी वगैरे. उरलेले सहा दिवस तो विषय जेवणाच्या ताटावर आणायचा नाही. नातेवाइकांनाही हेच सांगायची जबाबदारी तुमची. या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री फोन खोलीबाहेर हा नियम करायचा असेल तर आई-बाबांचेही फोन तिथेच चार्जिंगला लागले पाहिजेत, नाहीतर तो आठवडाभरही टिकत नाही.

झोप किंवा जेवण एकदम बदललं, मित्र तुटले, आवडीच्या गोष्टी सोडल्या आणि हे दोन आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरांकडे जा. ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीत बोलता येतं.

पसंतीक्रम : एका रात्रीत भरू नका

सीईटीचा निकाल लागला की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते, तिला सगळे कॅप म्हणतात. आधी गैरसमज दूर करू. ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातल्या ९३ टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ उतरवून घ्या. त्यातले कोड पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावतात, पण रचना सोपी आहे. सुरुवातीचं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे त्याबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीचा विचार जी आणि एल दोन्ही जागांवर होतो, म्हणून तिच्यासाठी दोन्ही ओळी बघा. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा कोड वेगळा असतो, तो स्वतंत्र पर्याय म्हणून भरावा लागतो. आपोआप काही मिळत नाही. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं.

आता क्रम. तो मुलाच्या खऱ्या आवडीने लावायचा, मिळण्याच्या शक्यतेने नाही. संगणक वरून खाली बघत जातो आणि बसेल ती पहिली जागा देतो. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचं जात नाही. नुकसान होतं ते ‘हे नक्की मिळेल’ म्हणून नको असलेलं कॉलेज वर ठेवल्याने. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंगच्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली की जागा आपोआप गोठत होती, पुढच्या फेरीत सुधारणेची संधी नव्हती. म्हणजे वरचे सहा पर्याय असे हवेत की त्यांतला कोणताही मिळाला तरी मूल आनंदाने जाईल.

साधारण ६० पर्याय भरावेत. पंधरा-वीस आपल्या पर्सेंटाइलपेक्षा वरचे, पंचवीसेक आसपासचे आणि उरलेले स्पष्टपणे खालचे. दहाच पर्याय भरून ‘बघू’ म्हणणारी मुलं शेवटच्या फेरीत रिकामी राहतात. कॉलेज आधी की शाखा आधी, यावर घरात वाद होणारच. संगणक शाखेसाठी नवख्या कॉलेजात जाण्यापेक्षा सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय कॉलेज आणि तिथली दुसरी शाखा अनेकदा सरस ठरते, असं आमचं मत. पण शिकायचं मुलाला आहे.

अर्ज घरीच भरा. सायबर कॅफेवाल्याला किंवा क्लासला पासवर्ड देऊ नका. ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक आई किंवा वडिलांचा असावा आणि तो प्रक्रिया संपेपर्यंत बदलू नये.

पैशांचा हिशेब

खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर दिसते. तिच्यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर लेखी मागा. त्यात वसतिगृह, खाणावळ, प्रवास आणि अनामत धरून चार वर्षांचा आकडा काढा आणि तो मुलासमोर ठेवा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना घरचा आकडा कळतो, लपवला तर उगाच भलत्या अपेक्षा वाढतात.

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि इतर मागासवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. दोन्हींची अट एकच: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. खातं मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर हवं. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात तेव्हा ते डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) सीड, म्हणजे जोडलं, गेलंय का, हे वेगळं विचारा. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे गेला की नाही ते पंधरा दिवसांनी बघा, बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो.